दोन फळ्या आणि माझी कारणं

३ तारीख, सोमवार

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीने ही वही आणून दिली. ती कॉलेजात शिकवते. काय शिकवतेस विचारलं तर म्हणाली, "मन." म्हटलं, मन काय शिकवायचं? ज्याला आहे त्याला आहे. तर हसली. ह्या लोकांना काहीही बोला, हसतात आणि लिहून घेतात.

तिला म्हणे दहा माणसं हवीत, ज्यांनी आयुष्यभर एकच काम केलंय. रोज काय ठरवलं आणि का ठरवलं, एवढं लिहायचं. वही माझीच, ती वाचणार नाही, महिन्याने फक्त प्रश्न विचारणार. अट एकच, मागची पानं उलटून बघायची नाहीत. म्हटलं, बाई, मला मागचं बघावं लागत नाही, माझ्या सगळं लक्षात असतं. तेही लिहून घेतलं.

माझं रंगाचं दुकान आहे. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन येतं, मी तो बघते आणि डब्यात तसाच रंग मिळवून देते. डोळ्याने. चव्वेचाळीस वर्षं झाली. शाळा सातवीत सुटली, त्यानंतर मला कोणी काही शिकवलेलं नाही आणि त्याने माझं काही अडलेलं नाही.

आज काय ठरवलं: वही घ्यायची. का: नाही म्हटलं असतं तर रोज जिन्यात गाठून विचारलं असतं.

५ तारीख, बुधवार

तिच्या वर्गात जाऊन आले. "काकू, एकदा या तरी," म्हणून मागेच लागली होती. बाकं तासाभरात पाठ मोडतील अशी, आणि फळ्यावर मेंदूचं चित्र, सोललेल्या अक्रोडासारखं.

पहिल्या दहा मिनिटांत कळलं की मनाचा अभ्यास करायला पाच तऱ्हेचे विद्वान लागतात. एक माणसांवर प्रयोग करणारा, एक मेंदू तपासणारा, एक संगणकवाला, एक भाषेवाला आणि एक नुसता विचार करणारा. हा पाचवा सगळ्यात मजेत असणार. एका मनामागे पाच माणसं. माझ्या दुकानात तीन माणसांत एक शिडी आहे.

मग तिने शब्द वाचून दाखवले. उशी, चादर, पलंग, जांभई, घोरणं, स्वप्न, गादी, असे पंधराएक. थोड्या वेळाने म्हणाली, आठवतील ते लिहा. मी नऊ लिहिले. वर्गातल्या पोरांपेक्षा जास्त. तर म्हणते, "काकू, तुमच्या यादीत 'झोप' आहे. मी 'झोप' म्हटलंच नाही." म्हटलं, म्हटलंस, मी माझ्या कानांनी ऐकलं. अर्ध्या वर्गाने तोच शब्द लिहिला होता. तिने कागद दाखवला. कागद काय, कोणीही बदलेल.

"मन रिकाम्या जागा स्वतःच भरतं," म्हणाली, "आणि भरल्याचं आपल्याला सांगत नाही."

"तुझं भरत असेल," म्हटलं. पोरं मला हसली.

शेवटी एक करडा चौकोन काळ्या कागदावर ठेवला आणि तोच करडा पांढऱ्या कागदावर. दोन वेगळे रंग दिसतात, असं दाखवून सगळ्या वर्गाला आश्चर्याने तोंड उघडायला लावलं. अगं, हे तर मी रोज करते! गिऱ्हाईक भांडत येतं, तुम्ही वेगळाच रंग दिलात म्हणून. मी त्याच्या घरी जाते, कागदाला भोक पाडते आणि त्या भोकातून भिंत बघायला लावते. शेजारचं काही दिसेनासं झालं की रंग तोच निघतो आणि गिऱ्हाईक गप्प होतं. हे उभं राहून सांगितलं. तिने विचारलं, "कुठे शिकलात?" म्हटलं, शिव्या खाऊन. वर्ग हसला, आणि ह्या वेळी मला नव्हे.

तेवढ्यासाठी पाच विद्वान!

७ तारीख, शुक्रवार

डॉक्टर म्हणाला, खांदा आता सुधारायचा नाही. डबे ढवळणं बंद. चार महिने बंदच आहे, हे त्याला सांगितलं नाही.

म्हणजे मिसळणीचं टेबल आता कोणाला तरी द्यायला हवं. उमेदवार दोन. एक भाचा, माझ्या भावाचा मुलगा, सहा वर्षं दुकानात आहे. हुशार आहे, थोडा बडबड्या, पण आमच्या घरचा डोळा आहे त्याच्याकडे. माझ्या वडलांचा डोळा असाच होता. दुसरी माझी सून, तिला अकरा वर्षं झाली. मुलगा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने घरी नाही. तेव्हा करायचं काय म्हणून ती दुकानात यायला लागली. काम करते. बोलत नाही. मला न बोलणारी माणसं कळत नाहीत, आत काय शिजतंय पत्ता लागत नाही.

आज मात्र बोलली. डब्यांची झाकणं पुसता पुसता म्हणाली, "आई, टेबलाचं काय ते ठरवा. मी अकरा वर्षं तुमच्या मागे उभी आहे. चौकातल्या रंगांच्या शोरूमने मला दोनदा विचारलंय."

"त्या मशीनवाल्यांनी?"

"हो. बटणं दाबायचं काम आहे. पण टेबल माझं असेल."

"धमकी देतेस?"

"नाही. कळवतेय."

पाहिलंत? सरळ भांडली असती तर बरं वाटलं असतं.

ठरवलं: उद्या परीक्षा घ्यायची. दोघांनी एकच रंग मिळवायचा, नावं फळीच्या मागे. कोणाचा कुठला मला कळणार नाही, मी नुसता रंग बघणार. का: म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने भाच्याची बाजू घेतली.

८ तारीख, शनिवार

सकाळीच एका रंगाऱ्याने दवाखान्याच्या व्हरांड्याचा टवका आणला होता. करडा, आत हिरवट. वाईट रंग आहे हा, जरा इकडे तिकडे झाला की शेवाळ नाही तर सिमेंट. दोघांना तोच दिला. प्लायच्या दोन फळ्या, प्रत्येकीवर रंगाचे दोन हात. मी मुद्दाम बाहेर जाऊन बसले. दुपारपर्यंत वाळल्या. मग दोघांना जेवायला पाठवलं, खिडकीत फळ्या शेजारी शेजारी लावल्या, मध्ये टवका धरला.

दोन मिनिटं लागली नाहीत. उजवीकडची. हिच्यात हिरवा मागे उभा आहे, पुढे पुढे करत नाही. आधी करडा दिसतो आणि मग थोड्या वेळाने हिरवा कळतो, जसा भिंतीवर कळायला हवा. डावीकडचीत निळा जास्त झालाय. थंड, मेल्यासारखा. आजारी माणसाने त्या भिंतीकडे बघितलं तर उठायचा नाही. इतका फरक आहे की आंधळ्यालाही दिसेल. हा उजवीकडचा हात घरचा आहे, मला मागची बाजू बघायचीही गरज नाही. बघितलीही नाही, सगळ्यांसमोरच उलटीन.

तेवढ्यात खिडकीत ऊन आलं. कोवळा रंग, उन्हाने उडायला नको म्हणून फळ्या आतल्या फडताळात नेल्या. खांद्यामुळे एका वेळी एकच. निवडलेली आधी नेली, डाव्या भिंतीला टेकवून ठेवली, मग दुसरी तिच्या शेजारी. दुकानाला कुलूप लावून किल्ली माझ्याकडेच.

उद्या रविवार, दुकान बंद. सकाळी सगळ्यांना बोलावलंय.

९ तारीख, रविवार

झालं एकदाचं.

भाचा, सून आणि मी. वरची मनवालीही आली, तिला कोणी बोलावलं नव्हतं. मी फडताळ उघडलं, उजवीकडची फळी उचलली, टवक्याला लावून दाखवली. म्हटलं, नीट बघा आणि शिका. ह्यात निळा कसा बसलाय बघा. थंडावा आहे. दवाखान्यात माणूस तापाने फणफणलेला असतो, त्याला हा रंग बघून शांत वाटेल. आणि ही दुसरी बघा, हिच्यात हिरवा मागे लपून बसलाय, भित्रा, करायचं तर धड कर नाही तर करू नको. मी म्हटलं, आंधळ्यालाही फरक दिसेल.

फळी उलटली. भाच्याचं नाव.

मी काय म्हटलं होतं? घरचा डोळा. नाव न बघता ओळखला.

भाचा खुर्चीवरून उडालाच. सुनेने तिची फळी हातात घेतली, बराच वेळ बघितली. "ह्यात काय चुकलं आई?"

"सांगितलं की आत्ता. भित्रा हात आहे."

"बरं," म्हणाली. खुंटीवरचा आपला एप्रन काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. घडीसुद्धा अशी की जशी दुकानातून नवी आणलीय. राग आला तर आपटावं माणसाने.

मनवाली जिन्यात म्हणाली, "काकू, तुम्हाला किती लगेच कारणं सुचतात." म्हटलं, सुचत नाहीत, असतात. तुझ्या वर्गात पाच विद्वान मिळून एक उत्तर देत नाहीत, इथे एकटी बाई देते.

१२ तारीख, बुधवार

सून परवापासून शोरूमला जाते. टोपी घालावी लागते म्हणे. घरात बोलते, जेवायला वाढते, सगळं व्यवस्थित. नुसतं व्यवस्थित.

दुपारी मनवाली रंगाची कार्डं घेऊन आली. तिच्या अभ्यासाचा दुसरा भाग. दोन कार्डं टेबलावर ठेवते, कुठला आवडला बोटाने दाखवायचं, मग ती ते कार्ड आपल्या हातात देते आणि विचारते का. अशा पंधरा जोड्या. पोरखेळ. पण भाच्याच्या बडबडीपेक्षा बरा.

एका जोडीत दोन बदामी होते, एक लालसर, एक पिवळट. मी लालसर दाखवला. तिने कार्ड दिलं, विचारलं, हाच का? म्हटलं, ह्याच्यात पिवळी झाक आहे, अशी भिंत वर्षानुवर्षं जुनी दिसत नाही. लालसर सहा महिन्यांत मळकट होतो, तो कोण घेईल? तिने मान डोलावली आणि लिहिलं. एका जोडीत मात्र तिने चुकीचं कार्ड हातात दिलं. लगेच म्हटलं, हे नव्हे, दुसरं. म्हणाली, सॉरी काकू. मन शिकवते आणि लक्ष असं.

प्रत्येकाला कारण दिलं. एकदाही अडले नाही. तिच्या बाकीच्या नऊ माणसांना जमणार आहे का हे!

१७ तारीख, सोमवार

भाचा टेबलावर ठीक आहे. रंग बरोबर देतो. तरी गिऱ्हाइकं विचित्र. आज तिसऱ्याने, एका रंगाऱ्याने, विचारलं, "त्या कुठे गेल्या?"

"कोण त्या?"

"तुमच्या सूनबाई. चार महिने त्याच देत होत्या ना शेड? तुम्ही खुर्चीत बसून बघायचात."

म्हटलं, मी बघायचे म्हणून बरोबर यायची शेड. रंगारी म्हणाला, "तसं असेल," आणि डबा न घेताच गेला. उद्या येतो म्हणाला. येईल. जाणार कुठे? चौकात? तिथलं मशीन टवका काचेखाली धरतं आणि आकडा सांगतं. आकड्याने कोणाच्या घराचं भलं झालंय?

भाचा म्हणाला, "आत्या, वहिनीला बोलाव ना परत. मी एकटा ढवळून ढवळून मरतोय."

"तू जिंकलास ना?"

"जिंकलो म्हणून काय दोन हातांचे चार झाले?"

ठरवलं: बोलवायचं नाही. का: एकदा रंग बघून दिलेला निकाल आहे. निकाल बदलला तर माझ्या डोळ्याला अर्थ काय?

२० तारीख, गुरुवार

मनवाली संध्याकाळी खाली आली. दारात उभी. नेहमीसारखं हसत नव्हती.

"काकू, एक सांगायचंय. आमचा नियमच आहे. कोणाला फसवलं तर नंतर सांगावं लागतं."

"कोणी कोणाला फसवलं?"

"मी. तुम्हाला. त्या कार्डांत चार वेळा मी मुद्दाम तुम्ही न निवडलेलं कार्ड हातात दिलं. एकदा तुमच्या लक्षात आलं. तीनदा नाही आलं."

म्हटलं, शक्य नाही.

"तीनदा तुम्ही न निवडलेल्या कार्डाची कारणं सांगितलीत. आणि काकू, फार छान कारणं होती."

मला इतका संताप आला की खांदा विसरले, टेबलावर हात आपटला आणि कळवळले. म्हटलं, ही विद्या आहे तुझी? जत्रेतल्या जादूगाराची हातचलाखी! ह्यासाठी पोरांना कॉलेजात बसवता?

"सगळ्यांचं होतं हे. माझंही झालं, माझ्या सरांनी केलं तेव्हा. आपण आधी निवडतो, आणि का निवडलं ते हातात काय आहे ते बघून नंतर जुळवतो. खोटं बोलत नसतो आपण. आपल्याला ते खरंच वाटतं."

"तुझं होत असेल."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," म्हणाली. "तुमची वही आहे. तुमच्याच अक्षरात. आता मागची पानं वाचायला हरकत नाही."

म्हटलं, महिनाअखेरीस खोली खाली कर. ती म्हणाली, बरं. हीसुद्धा बरं म्हणते! सगळ्या बरं म्हणणाऱ्या माझ्याच नशिबी.

२२ तारीख, शनिवार

दोन दिवस वही उघडली नाही. आज उघडली, तिला खोटं पाडायला.

आधी १२ तारखेचं पान. लालसर दाखवला असं लिहिलंय. पुढच्याच ओळीत पिवळट का चांगला हे लिहिलंय. माझं अक्षर. दोन ओळींत एक बोट अंतर, आणि लिहिताना मला दिसलं नाही.

ठीक आहे. कार्डं फालतू होती, लक्ष नव्हतं. असं म्हणून वही मिटत होते. मग हाताने उलटंच केलं आणि ८ आणि ९ तारीख समोर आली.

आठला लिहिलंय: हिरवा मागे उभा आहे, पुढे पुढे करत नाही, म्हणून चांगला. निळा थंड, मेल्यासारखा.

नऊला लिहिलंय: निळ्याचा थंडावा चांगला. हिरवा मागे लपलाय, भित्रा.

आंधळ्यालाही फरक दिसेल, हे दोन्हीकडे आहे.

पहिला विचार आला, भाच्याने रात्रीतून फळ्या बदलल्या. लगेच बोलावलं. "खरं सांग, शनिवारी तू फळ्यांना हात लावलास?"

"कसा लावणार? कुलूप तू लावलंस, किल्ली तुझ्या कंबरेला."

बरोबर. मग सून. तिलाही किल्ली नव्हती. मग परत वाचलं. निवडलेली आधी नेली, डाव्या भिंतीला टेकवून ठेवली, मग दुसरी तिच्या शेजारी. मी शनिवारी खिडकीतली उजवी निवडली. फडताळात तीच डावीकडे गेली, मीच नेली, ह्याच हाताने. आणि रविवारी मी उजवी उचलली. रात्रीतून कोणी आलं नव्हतं. मी निवडला सुनेचा रंग आणि टेबल दिलं भाच्याला, आणि दोन्ही दिवशी मला खात्री होती.

भाचा म्हणाला, "म्हणजे वहिनीचा चांगला होता. माझा वाईट."

"थांब," म्हटलं. "फळ्या आण."

त्याची टेबलामागे खिळ्याला टांगलेली होती. तिची एका पिंपावर झाकण म्हणून. दोन्ही पुसल्या. म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करते, तू अदलाबदल करून खिडकीत लाव, मी वळून सांगते सुनेची कुठली. दहा वेळा. लिहून ठेव.

पहिल्या वेळी चटकन सांगितलं. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी टवका मागितला. पाचव्या वेळी खिडकी पूर्ण उघडली. सातव्या वेळी कागदाला भोक पाडून त्यातून बघितलं, गिऱ्हाइकांना दाखवते तसं. शेजारचं सगळं झाकलं गेलं. भोकात एक करडा होता. फळी बदलली, भोकात तोच करडा.

दहापैकी पाच बरोबर. नुसता अंदाज केला असता तरी तेवढेच आले असते.

"आत्या," भाचा म्हणाला, "म्हणजे दोन्ही सारखेच आहेत?"

"टवक्यासारखे आहेत. दोन्ही."

"मग इतकी वर्षं आम्हाला शिव्या कसल्या दिल्यास? हा मेला, हा भित्रा, ह्याच्यात आत्मा नाही..."

मी म्हटलं, जा, दुकान बघ. तो गेला नाही. खिडकीत उभा राहून दोन्ही फळ्या आलटून पालटून बघत बसला, आणि मग हसायला लागला. मला हसू आलं नाही. ह्या टेबलावरून मी किती जणांना घरी पाठवलंय, डोळा नाही म्हणून. दोन नोकर. एक माझी धाकटी बहीण. प्रत्येकाला कारण दिलं होतं. त्या वेळी वही नव्हती.

आज काय ठरवलं, ते लिहिते. का, ते लिहीत नाही. ठरवलं: सुनेला आणायचं. टेबल लांब आहे, दोघं उभे राहतील.

भाचा कबूल झाला, पण तोंड वाकडं करून. "आणि मोठं कोण?" म्हणाला. म्हटलं, ती. तो म्हणाला, का? मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

२४ तारीख, सोमवार

चौकातल्या शोरूममध्ये गेले. काचेचं दार आपोआप उघडतं, माणसाला स्वतः ढकलायचेही कष्ट नकोत. आत थंडी, आणि भिंतीवर दोन हजार रंगांच्या पट्ट्या, प्रत्येकाला कवितेसारखं नाव. करड्याला करडा म्हणायला लाज वाटते ह्यांना.

सून मशीनपाशी होती. डोक्यावर खरंच टोपी. मला बघून टोपीवाल्या आवाजातच म्हणाली, "या, काय बघू तुमच्यासाठी?"

म्हटलं, "चल घरी. म्हणजे दुकानात. टेबल तुझं. भाचा तुझ्या हाताखाली."

मशीनने कुठल्या तरी डब्यात पिचकारी मारली. सुनेने तो डबा बाहेर काढला. मग म्हणाली, "का?"

येताना वाटेत तीन कारणं तयार केली होती. अकरा वर्षांचं काम. गिऱ्हाइकं तिलाच विचारतात. हात हलका आहे. तिन्ही चांगली होती. तिन्ही जिभेवर आली, एकामागे एक, पाठ केल्यासारखी गुळगुळीत. आणि मला वाटलं, हीच कारणं मी भाच्याला आणायला गेले असते तर त्याला दिली असती, थोडी फिरवून.

तोंड मिटलं. फार जड गेलं.

"माहीत नाही," म्हटलं. "हवी आहेस."

"माझी फळी चांगली होती, असं आता वाटतंय म्हणून?"

"नाही. तुमच्या दोघांच्या सारख्या होत्या. मला ओळखता आल्या नाहीत. दहा वेळा बघितल्या."

तिने टोपी काढली, केस मागे सारले, परत घातली. "हे कोणाला सांगितलंत?"

"भाच्यासमोरच झालं. त्याने लिहून ठेवलंय."

"आणि गिऱ्हाइकांना?"

"आता चौकात दवंडी पिटू का?"

ती हसली नाही, पण तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. अकरा वर्षांत इतकंच कळतं मला तिचं. म्हणाली, "माझ्या दोन अटी आहेत. मी दिलेल्या शेडवर नंतर तुम्ही बोट बुडवायचं नाही. आणि नवीन कोणी शिकायला आलं, तर ते ठेवायचं की नाही हे मी ठरवणार."

"कशावरून ठरवणार तू?"

"महिनाभर काम देऊन बघणार. एका दुपारीत नाही."

मला यावर पुष्कळ बोलायचं होतं. "बरं," म्हटलं.

"सहाला सुटते. इथल्या लोकांना महिनाभर आधी कळवावं लागेल, ते आज कळवते. तोवर बसायचं तर बसा, नाही तर घरी जा."

साडेतीन वाजले होते. बसले. खुर्ची प्लास्टिकची, वाकणारी, बसल्यावर मागे जाते. समोर मशीन पिचकाऱ्या मारत होतं. प्रत्येक पिचकारीनंतर ती डबा उघडून स्वतः बघत होती, हे त्यांच्या कामात नसावं, कारण पलीकडचा पोरगेला मॅनेजर घड्याळाकडे बघत होता.

मग एक गृहस्थ दोन पट्ट्या घेऊन माझ्याकडे आले. मला तिथलीच कोणी समजले असावेत. "आजी, बैठकीच्या खोलीला ह्यातली कुठली चांगली दिसेल?"

दोन्ही निळसर. मी बघितल्या, एकीवर बोट ठेवलं.

"ही का?" ते म्हणाले.

पलीकडून सून बघत होती. डबा तिच्या हातात तसाच उघडा.

"उगीच," म्हटलं.